गर्भधारणेपूर्वीचे आरोग्य : एक दुर्लक्षित टप्पा

भारतातील माता आरोग्याच्या बहुतेक योजनांचा प्रारंभ गर्भवतीच्या नोंदणीपासून होतो. 2005 ची जननी सुरक्षा योजना, 2016 चे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान आणि 2017 ची प्रधानमंत्री मातृवंदना योजना ही त्याची ठळक उदाहरणे होत. या प्रयत्नांना यशही लाभले आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार 2004-06 मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे 254 असलेले माता मृत्यूचे प्रमाण 2018-20 मध्ये 97 वर आले. तथापि, नोंदणीची वेळ येईपर्यंत गर्भाच्या घडणीतील काही निर्णायक घटना उरकलेल्या असतात आणि त्यांच्यासाठीची तयारी दांपत्याने आधीच करावी लागते.

मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेक स्त्रियांना गर्भ राहिल्याची खात्रीही झालेली नसते. नलिका नीट न मिटल्यास बालकाच्या पाठीच्या कण्यात फट राहते किंवा कवटी व मेंदूची वाढच होत नाही. ही व्यंगे मोठ्या प्रमाणात टाळणारे द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. असे व्यंग असलेले मूल पूर्वी झालेल्या स्त्रियांमध्ये या आम्लामुळे पुनरावृत्तीचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटते, असे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 1991 मधील अभ्यासात आढळले. म्हणूनच अपत्याचा विचार करणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत दररोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, असा सल्ला दिला जातो. पूर्वीचे अपत्य बाधित असल्यास किंवा फेफऱ्याची औषधे सुरू असल्यास मात्रा वाढवावी लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावयाची असते.

या जीवनसत्त्वाच्या शोधाचा धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. ब्रिटिश संशोधक ल्युसी विल्स यांनी 1928 पासून येथील गिरणी कामगार स्त्रियांमधील गरोदरपणाच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे 1931 मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल.

रक्तक्षयाचे आव्हान

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. चौथ्या फेरीत हे प्रमाण 53.1 टक्के होते. गरोदरपणात 100 वा अधिक दिवस लोहयुक्त गोळ्या घेणाऱ्या माता केवळ 44.1 टक्के होत्या. मुळातच रिकामा असलेला लोहाचा साठा नऊ महिन्यांत भरून काढणे कठीण, म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी आधीच झालेली बरी. ऍनिमियामुक्त भारत कार्यक्रमात (2018) गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी आठवड्याला 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी आहे. मात्र ही साप्ताहिक गोळी दररोजच्या फॉलिक आम्लाला पर्याय नाही. या दोन्हींत अनेकदा गल्लत होते.

रक्तदाब, मधुमेह व थायरॉइडचे विकार असल्यास ते आधी आटोक्यात आणणे आवश्यक ठरते. रुबेलाची लस घेतल्यास त्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. सिकलसेल किंवा थॅलसेमियाचे पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बालकाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीसोबत समुपदेशनावर भर आहे, तो यामुळेच. नंदुरबार व गडचिरोलीसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत ही तपासणी विवाहापूर्वीच होणे अधिक उपयुक्त.

पतीचा सहभाग

पुरुषबीज तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे तंबाखू, गुटखा व मद्य सोडण्याचा लाभ लगेच नव्हे, तर तीन महिन्यांनी दिसू लागतो. स्त्रीच्या बाबतीत मशेरीही तंबाखूच आहे, हे घरोघरी सांगण्याची गरज आहे.

स्त्रीबीज 12 ते 24 तास टिकते, तर पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत. साहजिकच महिन्यातील साधारण सहा दिवस गर्भधारणेस अनुकूल असतात. 28 दिवसांच्या चक्रात स्त्रीबीज सुमारे चौदाव्या दिवशी बाहेर पडते. परंतु सर्वांचे चक्र सारखे नसल्याने दिवस मोजत बसण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणे पुरेसे मानले जाते. मुलगा होण्याची हमी देणारी औषधे व तिथी निराधार आहेत. बालकाचे लिंग पुरुषबीजातील गुणसूत्रावर ठरते आणि 2003 च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीसही कायद्याने बंदी आहे.

नियमित प्रयत्नांनंतर वर्षभरात दहापैकी आठांहून अधिक दांपत्यांना यश येते. वर्ष उलटल्यास, अथवा स्त्रीचे वय 35 पेक्षा अधिक असल्यास सहा महिन्यांनीच, दोघांनी तपासणी करून घ्यावी. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोषाचा पूर्णतः वा अंशतः वाटा असतो. वीर्यतपासणी सोपी आणि वेदनारहित आहे, तरीही बहुतेक घरांत ती पत्नीच्या सर्व तपासण्या, नवस आणि उपासतापास संपल्यानंतरच होते.