रक्त पाहून येणारी भोवळ

मानवी शरीराच्या आतल्या भागांविषयी वाटणारे भय हे साप, उंची किंवा काळोख यांच्या भयासारखेच असते आणि ज्याला ते वाटते तो काळजाचा कच्चा असतो, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. शरीरक्रियाशास्त्राने, म्हणजे शरीरातील अवयवांचे काम कसे चालते हे पाहणाऱ्या शास्त्राने, तिला आधार दिलेला नाही. कुत्रा अंगावर धावून आला असता नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो आणि शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागते, त्यामुळे माणूस कितीही घाबरला तरी सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त, उघडी जखम किंवा शिरेत शिरणारी सुई दिसल्यावर मात्र अनेकांच्या शरीरात याच्या उलट घडते: नाडी आणि रक्तदाब आरंभी थोडे चढतात, पण लगोलग मेंदूपासून छाती-पोटापर्यंत गेलेल्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाचे ठोके मंदावतात, त्याच वेळी रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब एकाएकी घसरतो आणि मेंदूला क्षणभर पुरेसे रक्त न पोहोचल्याने डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस खाली कोसळतो. रक्त, सुई आणि जखम यांच्या भयगंडाला मानसोपचारशास्त्रात स्वतंत्र स्थान आहे. तो बहुधा बालपणी सुरू होतो, एकाच कुटुंबातील अनेकांत आढळतो आणि त्यात भीतीइतकाच किळसेचाही भाग असतो.

किळस सवयीने बोथट होते, पण ती सवय त्या-त्या वस्तूपुरतीच टिकते. मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, उत्तनच्या कोळीवाड्यात, मासे कापून त्यांची आतडी काढणे हे रोजचे काम आहे. तरीही असे काम करणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या दंडातून नळीत चढणारे रक्त पाहून घेरी येऊ शकते, आणि त्यात विसंगती काहीच नाही, कारण माशाच्या पोटात जे दिसते ते आपल्याही पोटात आहे ही जाणीव मन एरवी दूर ठेवत असते.

या वैयक्तिक किळसेवर भारतीय समाजात विटाळाच्या कल्पनेचे पूट चढले. सुश्रुतसंहितेत शस्त्रवैद्याने मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून सात रात्री वाहत्या पाण्यात भिजवावा आणि मग त्वचेपासून आतवर एकेक थर खरवडून पाहावा, अशी पद्धत सांगितली आहे. थेट सुरी चालवण्याऐवजी देह कुजवून मऊ करण्याचा हा मार्ग शवस्पर्शाचा दोष टाळण्यासाठी निघाला असावा, असे काही अभ्यासक मानतात. पुढे ही परंपरा क्षीण झाली. कलकत्त्यात 1836 साली मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, ते आधुनिक भारतीय वैद्यकाच्या इतिहासातील मोठे पाऊल ठरले, आणि मुंबईत 1845 साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 साली पदवी घेतलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. ज्या काळी प्रेताला हात लावल्यावर स्नान केल्याशिवाय घरात प्रवेश नव्हता, त्या काळी या तरुणांनी केलेले धाडस बुद्धीपेक्षा मनाचे अधिक होते, असे म्हणावेसे वाटते. शवविच्छेदनासाठी देह मिळण्याची कायदेशीर तरतूद मुंबई प्रांतात 1949 च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाने झाली.

रक्त आणि जखमेच्या भयावर उपाय आहे, आणि तो लोकप्रिय सल्ल्याच्या उलट आहे. ‘अंग सैल सोड, शांत राहा’ हे सांगणे इतर भयांत उपयोगी पडत असले तरी येथे रक्तदाब आधीच घसरत असल्याने ते फारसे कामाचे नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी 1980 च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत हात, पाय आणि धड यांचे स्नायू दहा ते पंधरा सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, ताणून धरायचे, मग वीस-तीस सेकंद साधारण स्थितीत यायचे आणि हे पाच वेळा करायचे, असा क्रम असतो. स्नायूंच्या ताणाने रक्तदाब चढा राहतो आणि भोवळ टळते. पुढे हा ताण धरूनच रक्ताची चित्रे व प्रत्यक्ष प्रसंग यांना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा सराव केला जातो.

मीरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीच्या शहरात गणेशोत्सव मंडळे आणि सामाजिक संस्था रक्तदान शिबिरे भरवतात, आणि महाविद्यालयांच्या सुट्ट्यांमुळे उन्हाळ्यात रक्तपेढ्यांत तुटवडा जाणवतो. भोवळीच्या आठवणीने जे शिबिराकडे फिरकत नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांना तेथे जाण्यास प्रत्यक्षात काहीच हरकत नसते. एका वेळी साधारण 350 मिलिलिटर रक्त घेतले जाते, तर प्रौढाच्या शरीरात सुमारे पाच लिटर असते. ज्यांना पूर्वी अशी भोवळ आली आहे त्यांनी नाव नोंदवतानाच ते सांगावे, भरपूर पाणी प्यावे, आडवे पडूनच रक्त द्यावे, सुई नसलेल्या हाताचे आणि पायांचे स्नायू ताणावेत आणि उठण्याची घाई करू नये. रक्त किंवा सुई यांच्याशी संबंध नसताना वारंवार शुद्ध हरपत असेल, तर मात्र तो या भयगंडाचा प्रकार समजू नये आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी.