धाग्याची सनद

चौदाव्या लुईच्या अमदानीत, १६६२ साली, त्याचा मंत्री कोलबेर याने पॅरिसचा गोबलँ कारखाना सरकारी छत्राखाली आणला, तेव्हापासून पुढे सुमारे पावणेतीनशे वर्षे युरोपातील टॅपेस्ट्रीच्या, म्हणजे विणलेल्या भित्तिपटाच्या, विणकराने चित्रकाराची ताबेदारी पत्करली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अठराव्या शतकात कारखान्याच्या देखरेखीवर असलेला चित्रकार उद्री याने तर तैलचित्रातील प्रत्येक सूक्ष्म छटा लोकरीत जशीच्या तशी उतरली पाहिजे, असा हट्टच धरला. मागावरच्या उस्तादांनी हुज्जत घातली, तथापि अंमल चित्राचाच राहिला. ताणे अधिकाधिक दाट, बाणे अधिकाधिक बारीक, आणि रंगछटांची यादी हजारोंच्या घरात, असा तो प्रवास होता. आणि भित्तिपट जितका निर्दोष उतरे, तितके तो विणलेला आहे हे पाहणाराच्या ध्यानात येणे दुरापास्त होई.

या ताबेदारीला पहिला शास्त्रीय तडा गेला तो, मौज अशी की, त्याच कारखान्याच्या रंगशाळेत. १८२४ साली तेथे प्रमुख म्हणून नेमल्या गेलेल्या शव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा रंग निस्तेज दिसतो अशी फिर्याद आली, आणि त्याने चौकशी केली तेव्हा दोष रंगाचा नसून त्या काळ्याला बिलगून बसलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा आहे, असे निष्पन्न झाले. १८३९च्या त्याच्या ग्रंथाने चित्रकारांना रंगांच्या सान्निध्याचा सिद्धांत दिला हे सर्वश्रुत आहे. परंतु धाग्याचे रूप त्याच्या शेजाऱ्यावर अवलंबून असते हे तत्त्व रंगाइतकेच पोतालाही लागू पडते, खरखरीत वाख मऊ लोकरीशेजारी अधिक खरखरीत भासतो, ही गोष्ट विणकरांनी गांभीर्याने घेण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

फ्रान्समध्ये चित्रकार जाँ ल्युर्सा याने, आंजे येथील चौदाव्या शतकातील प्रचंड भित्तिपटमालिकेपासून स्फूर्ती घेऊन, रंगांची संख्या मोजक्यांवर आणली आणि जाड, रांगडी वीण पुन्हा प्रतिष्ठित केली. वीण मोकळी झाली खरी, पण विणकर मोकळा झाला नाही. कारण ल्युर्साच्या आराखड्यावर प्रत्येक रंगाचा क्रमांक लिहिलेला असे, आणि ओब्यूसाँ या विणकरांच्या गावचा कारागीर त्या क्रमांकांची केवळ तामिली करी. इकडे जर्मनीत, बाउहाउस या कलाशाळेच्या विणकाम विभागात शिकलेल्या आनी आल्बर्स यांनी प्रश्न वेगळ्याच टोकाकडून सोडवावयास घेतला. १९३०च्या पदविकेसाठी, बेर्नाऊच्या कामगार संघटनांच्या विद्यालयातील सभागृहाकरिता त्यांनी जे भिंतीचे कापड विणले, त्यात दर्शनी बाजूस प्रकाश परावर्तित करणारा सेलोफेन आणि पाठीमागे आवाज गिळणारा लवदार सुती धागा होता. म्हणजे द्रव्याची निवड दिसण्यासाठी नव्हे तर वागण्यासाठी केलेली होती. पुढे अमेरिकेत शिकविताना मक्याचे दाणे, गवत, पिळलेला कागद यांची मांडणी करवून त्या विद्यार्थ्यांच्या बोटांना पोताची ओळख करून देत.

या दोन्ही प्रवाहांचा संगम, आणि बराचसा संघर्षही, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १९६२ साली ल्युर्साच्याच पुढाकाराने भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय टॅपेस्ट्री प्रदर्शनात झाला. तेथे पोलंडहून आलेल्या मागदालेना आबाकानोविच यांनी आपला पट स्वतः विणलेला होता. त्यामागे क्रमांक घातलेला आराखडा नव्हता, आणि जाड सुती दोर त्यात उजळ माथ्याने मिरवत होते. युद्धाने होरपळलेल्या त्या देशात उंची लोकर मिळण्याची मारामार. तेव्हा या बाई बंदरांत टाकून दिलेले घायपाताचे जुने दोर गोळा करीत, त्यांचा पीळ उकलीत, वाख धूत आणि रंगवीत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. येथे तर तो जळण्याचा प्रश्नच नव्हता. उकललेल्या वाखात दोराची वळणे शिल्लक राहतात, आणि त्यामुळे विणलेला पृष्ठभाग सपाट बसण्याचे साफ नाकारतो. १९६५मध्ये साओ पाउलो येथे त्यांना सुवर्णपदक मिळाले, आणि १९६९च्या सुमारास त्यांचा सुमारे चार मीटर उंचीचा तांबडा पट भिंत सोडून छताला टांगला गेला. दोन रंग उभ्या रेषेत भेटले की टॅपेस्ट्रीत फट पडते आणि ती मागाहून शिवून टाकावयाची, असा जुना शिरस्ता. बाईंनी ती फट मुद्दाम रुंदावली आणि तिच्यातून पटाला पोट दिले, पाठ दिली.

मात्र नवे द्रव्य मागावर चढले की मागाचा सारा हिशेब बदलतो. लोकरीचा बाणा लवचीक, ठोकला की दबतो आणि ताण्याला पुरता झाकून टाकतो. घायपाताचा वाख ताठर, तो दबत नाही, म्हणून ताणे विरळ ठेवावे लागतात, नाही तर बाण्याला बसण्यास जागाच उरत नाही. बाणा फार ओढून घेतला तर कडा आत येतात, आणि लोकर व अंबाडी एकाच पटात नांदविली तर हवेतील ओल वाढताच दोघींची चाल निराळी होऊन कापडाला फुगे येतात. शिवाय उजेडात घायपात ठिसूळ होतो, ही कटकट संग्रहालयांच्या पदरी येते ती वेगळीच.

द्रव्याच्या पोतालाच बोलू देण्याचा हा विचार आपल्याकडे अगदीच परका नाही. पैठणीचा पदर तंत्रदृष्ट्या टॅपेस्ट्रीच होय: प्रत्येक रंगाची स्वतंत्र कांडी, सीमेवर धागे परस्परांत अडकविलेले, आणि म्हणूनच उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या. जरीच्या जमिनीवर रेशमी मोर उठून दिसतो तो केवळ रंगामुळे नव्हे. धातूची झळाळी आणि रेशमाची स्निग्धता यांच्या विरोधामुळेही.

मुंबईच्या विणकर मोनिका कोरिया यांनी तर मागाच्या अवयवालाच हात घातला. १९६२ सालीच अमेरिकेत मारियान स्ट्रेंगेल यांच्यापाशी विणकामाचे धडे घेऊन परतल्यावर, मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात नेली सेठना यांच्या सहवासात त्यांचे शिक्षण पुढे चालले. फणीचे काम ताण्यांना समान अंतरावर, शिस्तीत उभे करणे. कोरिया यांनी फणी अशी बनवून घेतली की विणकाम चालू असतानाच ती उघडता यावी. उघडली की सुटे झालेले ताणे आपापल्या मर्जीने वाकडेतिकडे वाहू लागतात, आणि पटावर नदीच्या पात्रासारखी वळणे उमटतात. येथे दुर्मीळ द्रव्य काही नाही, साधे सूत आणि लोकर आहे. प्रयोग आहे तो कोणत्या क्षणी शिस्त सैल करावी, याचा. आणि तो क्षण अचूक हेरता येण्यासाठी फणी लावून सरळ विणण्याची सवय आधी हातात मुरलेली असावी लागते. एरवी सुटलेला ताणा निव्वळ गुंता होतो, आणि गुंत्याला पोत म्हणण्याची मुभा कोणत्याही मागाने आजवर दिलेली नाही.