उन्हात टिकलेली लस

जनावरांच्या एखाद्या तरुण डॉक्टरला विचारा, बुळकांडी पाहिली आहे का? नाही म्हणेल. पाहणार कुठून? भारतातली तिची शेवटची लागण १९९५ सालची. पण गावातल्या ऐंशी ओलांडलेल्या एखाद्या आजोबांसमोर नुसता शब्द काढा. ताप, डोळ्यांना धार, तोंडात फोड, आणि मग ती हगवण, जी या रोगाच्या नावातच ऐकू येते. आठवडा-दीड आठवड्यात गोठ्यात नुसते खुंटे उरायचे.

आता ती जगात कुठेच नाही. २०११ साली तसं रीतसर जाहीर झालं. देवीच्या रोगानंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसरा रोग. तिसरा अजून झालेला नाही. देवीची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. मला बुळकांडीची जास्त चक्रावून टाकते, कारण तिचे शेवटचे डाव खेळले ते गुराख्यांनी.

तिचा विषाणू गोवराच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद. माणसाला गोवर गुरांच्या या घराण्याकडूनच आला असं मानतात. १८८७च्या सुमारास इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर ती आजच्या इरिट्रियात उतरली. ती गुरं भारतातून नेलेली होती, असं इतिहासकार सांगतात. दहा वर्षांत ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पोचली. वाटेत कित्येक मुलखांत शंभरातली ऐंशी-नव्वद गुरं मेली. इथिओपियात नांगराला बैल उरला नाही, दुष्काळ पडला, आणि एक तृतीयांश माणसं गेली असा अंदाज आहे. मसाई लोक त्या काळाला ‘एमुताई’ म्हणतात. अर्थ एकच, सगळं पुसलं जाणं.

उपाय सापडला तोही आफ्रिकेतच. केनियातल्या मुगुगा इथे वॉल्टर प्लोराइट या पशुवैद्याने १९६०च्या आसपास वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर हा विषाणू पिढ्यामागून पिढ्या वाढवला. सुमारे नव्वद पिढ्यांनंतर त्याचा दात पडला: रोग करेना, पण एका टोचणीत जनावराला जन्मभराचं संरक्षण देई. इतकी गुणी लस हाती आल्यावर काम फत्ते व्हायला हवं होतं. १९६२ ते १९७६ या काळात बावीस देशांत मोहीम चालली, रोग दोन-चार कोपऱ्यांत जाऊन दडला, सगळ्यांनी सुस्कारा टाकला. ऐंशीच्या दशकात तो पुन्हा आफ्रिकाभर पसरला.

अडलं होतं बर्फाशी. लस गार ठेवावी लागे. गार ठेवायची तर फ्रिज, फ्रिजला वीज किंवा रॉकेल, ते न्यायला गाडी, गाडीला रस्ता. आणि बुळकांडी दडून बसायची ती नेमकी रस्ता संपतो तिथे, जिथली माणसं गवतामागे फिरतात आणि आज इथे तर महिन्याने शंभर कोसांवर असतात. गाडी पोचेपर्यंत कळप हललेला.

यावर जेफ्री मरीनर या अमेरिकन पशुवैद्याने जे केलं ते आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला पटेल. उन्हाळ्यात घातलेल्या कुरडईत जरा ओल राहिली की तिला बुरशी येते. खडखडीत वाळली तर वर्षभर डब्यात राहते. लसही वाळवूनच ठेवत: आधी गोठवायची, मग निर्वात जागेत तिच्यातलं बर्फ पाणी न होता थेट वाफ करून उडवायचं. मरीनरने विषाणूचा वाण बदलला नाही. वाळवणीची वेळ वाढवली, विषाणूभोवतीचं मिश्रण बदललं, आणि पुडीत उरणारी ओल आणखी खाली आणली. एवढ्याने ती लस ३७ अंशांच्या उष्णतेत महिनाभर टिकू लागली. (पाण्यात कालवली की मात्र तासांचा खेळ.)

म्हणजे आता लस माणसाच्या झोळीत बसून पायी जाऊ शकत होती. मग पायी जाणार कोण? जो तसाही कळपामागे चालतोच आहे, तो.

इथिओपियाचं अफार हे माणसं राहतात अशा जगातल्या सर्वांत तप्त मुलखांपैकी एक. तिथल्या पशुपालकांनी आपल्यातलीच माणसं निवडली. थोड्या दिवसांचं शिक्षण, सुई-सिरिंज, लसीच्या कुप्या. सरकारी चाकरी नाही. पुष्कळ पदवीधर पशुवैद्य धास्तावले होते की हे काम अडाण्यांच्या हाती गेलं तर औषधांचा सत्यानाश होईल. १९९४ साली अशा वीस पशुपालकांनी ७३,००० गुरं टोचली. नंतर तपासलं तेव्हा शंभरातल्या ८३ गुरांत लस लागू पडलेली होती. त्याआधी सरकारी पथकं तिथे वर्षाला वीस हजारांच्या आसपास गुरांपर्यंत पोचत. दक्षिण सुदानमध्ये तर यादवी पेटलेली असताना, १९९३ या एका वर्षात, याच रीतीने दहा लाखांहून जास्त गुरं टोचली गेली.

मला खरा अचंबा वाटतो तो पुढच्या भागाचा. रोग उरला सोमाली मुलखाच्या आसपास, आणि उरला तो सौम्य रूपात: किंचित ताप, डोळ्यांना पाणी, जनावर बहुधा जगतं. प्रयोगशाळेच्या माणसाच्या नजरेतून ते सहज निसटावं. गुराख्याच्या निसटत नाही. कुठल्या पावसाळ्यात, कुठल्या पाणवठ्यावर, कुणाच्या कळपात काय झालं, हे तो वर्षांनंतरही सांगतो, आणि प्रत्येक दुखण्याला त्याच्याकडे स्वतंत्र नाव असतं. शास्त्रज्ञ झाडाखाली बसून ऐकत, जमिनीवर काठीने नकाशे काढून घेत, आणि त्या बोटाच्या दिशेने रक्ताचे नमुने घ्यायला जात.

शेवटचा रोगी २००१ साली केनियाच्या मेरू राष्ट्रीय उद्यानात सापडला. तो पाळीव नव्हता. रानरेडा होता.

आता पाळी बुळकांडीच्या चुलत बहिणीची. शेळ्या-मेंढ्यांना होणारा पीपीआर २०३०पर्यंत संपवायचा, असं जगाने ठरवलं आहे. त्याच्याही लशीवर वाळवणीची तीच हिकमत चालते. आणि आपल्याकडे ‘उमेद’ अभियानाच्या बचतगटांतून तयार झालेल्या पशुसखी खांद्याला पिशवी लावून वाडीवस्तीवर शेळ्या बघत फिरतातच. कुणाची शेळी कालपासून नाक गाळते आहे, हे त्यांना चुलीपुढच्या गप्पांतच कळलेलं असतं.