गुळाच्या पेठेतील मधुमेही मूल

गुऱ्हाळावर आलेल्या पाहुण्यास काकवी चाखविल्यावाचून माघारी धाडणे ज्या मुलखात अप्रशस्त समजतात, त्या कोल्हापुरात आठ-दहा वर्षांच्या मुलास मधुमेह जडल्याचे निदान झाले, की पहिला आरोप गुळावर आणि दुसरा, अर्थातच, आईवर येतो. दोन्ही आरोप निराधार आहेत. बालवयात बहुधा आढळणारा हा पहिल्या प्रकारचा मधुमेह गोड खाण्याने होत नाही. शरीराचीच संरक्षक यंत्रणा स्वादुपिंडातील बीटा पेशींना परकीय मानून त्यांचा संहार करते, आणि इन्शुलिनच्या अभावी रक्तात साखर तुंबूनही पेशी उपाशी राहतात. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास इन्शुलिन प्रथम टोचण्यात आले. तत्पूर्वी कडक उपासाने आयुष्य थोडेफार लांबविणे, यापलीकडे वैद्यकापाशी इलाज नव्हता.

इन्शुलिनने मरण टळले, परंतु उपचाराचा कारभार इस्पितळातून माजघरात आला. डॉक्टरांची भेट अधूनमधून. रोजच्या सुया, जेवणाआधीची रक्ततपासणी, ताटातील भाकरी-भाताचा अंदाज आणि खेळाच्या तासाचा हिशेब मात्र घरच्यांच्या शिरावर, आणि अडत्याच्या रोजकीर्दीप्रमाणे साखरेच्या आकड्यांची वही एक दिवसही कोरी ठेवण्याची सोय नाही. झोपेत साखर उतरेल या धास्तीने आई अपरात्री उठून निजलेल्या लेकराचे बोट टोचते. थोरल्या बहिणीच्या ताटातला लाडूही मुकाट्याने नाहीसा होतो, आणि तिच्या तक्रारीची दाद घ्यायला कोणास फुरसत नसते. या घरातले सर्वांत उपेक्षित दुखणे, माझ्या मते, तिचे. वास्तविक लाडू हद्दपार करण्याचे कारणच नाही; मोजून आणि त्या बेताने इन्शुलिन देऊन तो सणासुदीला त्या मुलासही देता येतो. मुलगी आजारी असली, तर पुढे लग्न जमेल का, या विवंचनेने रोगच दडविला जातो, आणि दडविलेला रोग शाळेत घात करतो.

रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमखाली घसरली, की मूल घामेजते, थरथरते, क्वचित असंबद्ध बोलते, आणि मास्तरांना तो खट्याळपणा वाटतो. शुद्धीवर असेल तर त्यास तत्काळ १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्यावी आणि १५ मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र काहीही न घालता त्यास तडक इस्पितळात न्यावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली अशा विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाद्यपदार्थ नेण्याची मुभा दिली. आपल्या मुख्याध्यापकांनी परीक्षेची वाट न पाहता वर्गात ग्लुकोजची पुडी ठेवण्याची तजवीज आजच करावी.