सराव पावसाळ्यात, शर्यत ऑक्टोबरात

'आयर्नमन ७०.३ गोवा' ही शर्यत पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पहिल्यांदा झाली ती २० ऑक्टोबर २०१९ रोजी. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं, मुदत साडेआठ तास. मणिपूरच्या बिश्वोरजित सैखोमने ती जिंकली. पण अशा शर्यतीत गर्दी असते ती नोकरीधंदा सांभाळून उतरणाऱ्या हौशी मंडळींची. मराठी माणसाला या वेडाची ओळख त्याआधीच झाली होती. २०१५ मध्ये मिलिंद सोमणने एकोणपन्नासाव्या वर्षी झुरिकची पूर्ण आयर्नमन पार केली. त्याच उन्हाळ्यात नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका सायकलवरून ओलांडणारी शर्यत जोडीने पुरी केली. २०१७ मध्ये पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश फ्रान्समध्ये आयर्नमन झाले. पुण्यात कौस्तुभ राडकरांसारखे प्रशिक्षक मिळाले, कोल्हापुरात राजाराम तलावाच्या काठी ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशी सलग शर्यत, भरू लागली. या दहा वर्षांत उभं राहिलेलं काम खरंच मोठं आहे. पण ही गावं पुन्हा एकदा वाचा : पुणे, नाशिक, कोल्हापूर. सिंधुदुर्गातल्या वैभववाडीहून पाहिलं तर ही यादी घाटाच्या वर किंवा पार उत्तरेला संपते. आणि हे त्या तालुक्याच्या बाबतीत, ज्याच्या दारात करूळ आणि भुईबावडा असे सायकलस्वाराला भुरळ घालणारे दोन घाट आहेत आणि जिथून देवगड-विजयदुर्गचा समुद्र एसटीच्या एका प्रवासावर आहे.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण पैशाचं असतं, आणि ते खोटं नाही. प्रवेश शुल्क पाच आकडी, कार्बनची सायकल लाखाच्या पुढे, शिवाय हॉटेल आणि प्रवास. पण नियम कार्बनची सायकल मागत नाहीत. ब्रेक चालणारी धड सायकल आणि हेल्मेट मागतात. मुदतींचा हिशेब मांडला की हे आणखी स्पष्ट होतं. अशा शर्यतीत पोहण्याला साधारण एक तास दहा मिनिटं मिळतात आणि सुरुवातीपासून साडेपाच तासांत सायकल संपवावी लागते. कपडे-बूट बदलायची दहा मिनिटं वजा केली तर ९० किलोमीटरला चार तास दहा मिनिटं उरतात, म्हणजे ताशी साडेएकवीस किलोमीटरच्या आसपास. साध्या गिअरच्या सायकलवर सराव असलेल्याला हे जमतं. पुढच्या तीन तासांत २१ किलोमीटर म्हणजे निम्मं पळणं आणि निम्मं झपाझप चालणं. खासदार तेजस्वी सूर्या यांनी २७ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यात ८ तास २७ मिनिटांत शर्यत संपवली, मुदतीच्या जेमतेम तीन मिनिटं आधी, आणि कौतुक पूर्ण वाट्याला आलं. तेव्हा ताकदीची आणि वेगाची अट वाटते तेवढी कडक नाही. अडकायला होतं ते पाण्यात. १.९ किलोमीटर सत्तर मिनिटांत म्हणजे २५ मीटरची प्रत्येक लांबी ५५ सेकंदांत, सलग ७६ वेळा. पोहणाऱ्याला हा वेग संथ वाटेल. ज्याने असं पोहण्याचा सरावच केला नाही त्याला मात्र तो गाठता येत नाही, सायकल कितीही लाखांची असो.

इथे कोणी म्हणेल, कोकणातल्या पोरांना पोहणं शिकवायला नको. व्हाळाच्या कोंडीत उड्या मारतच ती मोठी होतात. खरं आहे. पण कोंडीतलं पोहणं दहा मिनिटांचं असतं. उघड्या समुद्रात तळ दिसत नसताना, शेजारच्याची लाथ खात, दर काही हातांनी मान वर करून बोया शोधत तासभर पोहायला वेगळी सवय लागते, आणि ती आठवड्यातून तीनदा, कोणी काठावर उभं असतानाच लावता येते. आता ही सवय कधी लावायची ते पाहा. लांब पल्ल्याची तयारी साधारण सोळा ते वीस आठवड्यांची. गोव्याची शर्यत २०१९ मध्ये २० ऑक्टोबरला झाली, कोविडच्या खंडानंतर २०२२ मध्ये १३ नोव्हेंबरला, मग २०२३ मध्ये ८ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये २७ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये ९ नोव्हेंबरला. उलटं मोजलं की सराव जून-जुलैत सुरू होतो. त्या काळात राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मालवणच्या जलक्रीडा ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. जिथे दर्यावर्दी नौका घालत नाहीत तिथे हौशी माणसाने पोहू नये, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. नद्या गढूळ आणि फुगलेल्या. घाटात धुकं आणि दरडींची भीती. त्यात करूळ घाट तर रस्त्याच्या कामासाठी २०२४ च्या जानेवारीपासून वर्षभराहून अधिक काळ बंदच होता आणि वाहतूक अरुंद भुईबावड्यावर आली होती. शिवाय जुलै लावणीचा, मग गणपती, आणि शर्यतीच्या सुमारास नेमकी भातकापणी आणि झोडणी. शेती असलेल्या घरातला माणूस त्या आठवड्यात पणजीला निघाला, तर घरचे काय म्हणतील ते लिहायला नको.

पाऊस काय शहरात पडत नाही, असा प्रतिवाद होईल. पडतो, पण शहरात छताखालचा तलाव असतो, खोलीत सायकल फिरवायचा ट्रेनर असतो, जिममध्ये धावपट्टा असतो. आणि पाऊसही सारखा नाही. गगनबावड्याचा पाऊस कोल्हापूर शहराच्या कित्येक पट, त्याच्या पायथ्याला वैभववाडी. आयोजकांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय वेळापत्रक, पर्यटनाचा हंगाम, हॉटेलांच्या खोल्या, सगळं जुळवावं लागतं. परिणाम मात्र हाच की तारखेनेच स्पर्धक निवडले जातात, आणि ज्याच्याकडे बंदिस्त सोयी आहेत तो निवडला जातो. माझ्या मते गेल्या दशकाच्या हिशेबात हा मुद्दा पैशाइतकाच वजनदार आहे, आणि त्याची चर्चा जवळजवळ झालेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : तालुक्यातल्या मुलांनी असल्या हौसेमागे का लागावं, त्यापेक्षा राष्ट्रीय स्पर्धा का नाही? पण यात निवड करायची गरज नाही. सिडनीला २००० साली ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १.५, ४० आणि १० किलोमीटरच्या अंतरांनी, म्हणजे आयर्नमनहून कितीतरी छोटी. छोटी शर्यत ही कमअस्सल शर्यत नव्हे. तीच मुलांची आणि चाळिशीतल्या शिक्षकाची समाईक पहिली पायरी होऊ शकते. खुद्द आयर्नमनचा जन्मही कुठल्या मोठ्या योजनेतून झाला नाही. हवाईतल्या ओआहू बेटावर समुद्रपोहण्याची, सायकलची आणि मॅरेथॉनची अशा तीन वेगवेगळ्या स्थानिक शर्यती होत्या. जॉन कॉलिन्सने त्या एका दिवसात जोडल्या. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उतरले, १२ जणांनी पुरी केली, गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. दुसऱ्या क्रमांकाच्या जॉन डनबारकडचं पाणी संपलं म्हणून मदतनिसांनी त्याला बिअर पाजली, असं सांगतात. आजच्या चकचकीत सोहळ्याचं मूळ हे इतकं घरगुती होतं.

सिंधुदुर्गात जोडण्याजोगं काय आहे? मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते, तेव्हा समुद्र शांत असतो. लहान मुलांपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत लोक त्यात उतरतात, होड्या आणि जीवरक्षक सोबत असतात. म्हणजे सगळ्यात अवघड व्यवस्था आधीच उभी आहे. जानेवारीत कापणी उरकलेली असते आणि आंब्याची तोडणी अजून लांब असते. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरते, तेवढा दिवस सोडावा. जिल्ह्यातल्या जलतरण संघटनेने, सायकलप्रेमींनी आणि तालुक्यातल्या शाळांनी मिळून ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं एवढीच शर्यत पुढच्या जानेवारीत देवगडला किंवा मालवणला घ्यावी, प्रवेश शुल्क शाळकरी मुलाला परवडेल इतकंच ठेवावं, आणि वैभववाडीहून पहाटे एक एसटी सोडायची मागणी आगाराकडे आजच करावी.