गोळे आदळले, जहाजं बुडाली नाहीत!

मुलांनो, एखादा देश समुद्राकडून कोंडता येतो का? १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांना राबवून कापूस पिकवला जाई. ही गुलामगिरी टिकावी म्हणून ती राज्यं देशातून फुटली. त्यांच्याकडे कापूस भरपूर, पण कारखाने मोजकेच. शस्त्रं, यंत्रं हवीत तर कापूस परदेशी विकायलाच हवा! राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी नेमकी हीच नस पकडली आणि दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली.

ती फोडायची कशी? दक्षिणेने ‘मेरिमॅक’ हे जळून बुडालेलं जहाज वर काढलं. त्यावर उतरत्या छपरासारख्या भिंती उभारल्या, त्यांवर दोन-दोन इंची लोखंडाचे दोन थर ठोकले आणि नाव ठेवलं ‘व्हर्जिनिया’. भिंती तिरप्या का बरं? एक पुस्तक उभं धरा आणि त्यावर समोरून गोटी सोडा. आता पुस्तक तिरकं करून पुन्हा सोडा. गोटी घसरून बाजूला जाते ना? तोफगोळ्याचंही तसंच. घसरला, की त्याचा सगळा जोर भिंतीवर बसत नाही.

८ मार्च १८६२. हॅम्प्टन रोड्सच्या पाण्यात ‘व्हर्जिनिया’ने उत्तरेचं, म्हणजे लिंकन यांच्या बाजूचं, एक लाकडी जहाज धडक देऊन बुडवलं, दुसरं पेटवून दिलं. त्याच रात्री तिथे पोहोचलं उत्तरेचं ‘मॉनिटर’! जॉन एरिक्सन यांनी रचलेल्या या जहाजाचा डेक पाण्याच्या जेमतेम दीड फूट वर होता. त्यावर आठ इंच जाडीचा गोल लोखंडी बुरूज, आत दोन तोफा. एरवी नेम बदलायला अख्खं जहाज वळवावं लागे. इथे वाफेच्या जोरावर नुसता बुरूज फिरे.

दुसऱ्या दिवशी दोघांची सुमारे चार तास झुंज झाली. बुडालं कुणीच नाही. नाकेबंदी मात्र टिकली.

तिचा धक्का थेट मुंबईला बसला बरं का! अमेरिकेचा कापूस अडला, तशी इंग्लंडच्या गिरण्यांनी इकडे धाव घेतली. कापसाचे भाव कडाडले. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्या तेजीत अमाप पैसा कमावला. त्यांच्याच देणगीतून पुढे मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला.

१८६५ मध्ये दक्षिण हरली. जमिनीवरच्या लढायांइतकीच समुद्रावरची कोंडीही तिला भोवली. त्याच वर्षी अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली. नव्या यंत्रांचं कौतुक करूच. पण माणसांची खरेदी-विक्री थांबली, हा या युद्धातला सगळ्यात मोठा विजय.