अपडेटनंतर रूट जातं कुठं?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाने आज हा विषय का घेतला, असं काहींना वाटेल. गरज आमचीच होती. आमच्या अँड्रॉइड टॅबलेटवर एका वाचनाच्या ॲपमध्ये आम्ही कित्येक वर्षं टिपणं लिहीत आलो. त्या ॲपमधून टिपणं बाहेर काढायची सोयच नाही. म्हणून एका विद्यार्थ्याने टॅबलेट नवा असतानाच रूट करून दिला होता आणि आम्ही अधूनमधून टिपणांची प्रत काढत असू. एका संध्याकाळी अपडेट आलं, आम्ही 'रीस्टार्ट' दाबलं, आणि रूट गेलं. दुकानदार म्हणाला, "फॅक्टरी रीसेट मारा." मारला असता तर टिपणंही गेली असती!

आता रूट म्हणजे काय ते बघू. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. तिथं प्रत्येक ॲपला वापरकर्ता म्हणून वेगळा क्रमांक मिळतो; एकाच्या खासगी फोल्डरमध्ये दुसऱ्याला शिरता येत नाही. शून्य क्रमांकाचा वापरकर्ता, म्हणजे रूट, त्याला मात्र सगळीकडे मुभा. आमचा गैरसमज असा की ही मुभा एकदा मिळाली म्हणजे टॅबलेट ती लक्षात ठेवतो. तसं काही नसतं बरं का. कुणाला काय अधिकार दिला होता, याची आठवण यंत्राला नाही. अमुक ठिकाणी अमुक फाइल आहे की नाही, एवढंच त्याला कळतं. अपडेट ती फाइल बदलतं. रूट कुणी काढून घेत नाही, ते पुसलं जातं.

२०१२च्या नेक्सस ७च्या काळात 'एसयू' नावाचा छोटा प्रोग्राम सिस्टमच्या भागात ठेवत. अपडेट त्याची परवानगी काढून टाकी, म्हणून लोक त्याची एक प्रत आडबाजूला लपवत. २०१४च्या अँड्रॉइड ५पासून ती युक्ती संपली. सिस्टममध्ये जरासा फेरफार दिसला तरी अपडेट अडून बसू लागलं. मग २०१६ साली जॉन वू यांचं मॅजिस्क आलं. ते सिस्टमला हात न लावता बूट इमेज बदलतं, म्हणजे टॅबलेट सुरू होताना लागणारा भाग. पण अपडेट बूट इमेजही नवी आणतं, तेव्हा मूळ अडचण राहिलीच.

उपाय सगळा क्रमात आहे. बऱ्याच नव्या उपकरणांत सिस्टमच्या दोन प्रती असतात. एक चालू असते. अपडेट दुसरीत लिहिलं जातं आणि रीस्टार्टला अदलाबदल होते. म्हणून आधी डेव्हलपर ऑप्शन्समधलं आपोआप अपडेट बंद करा. मग मॅजिस्कमध्ये 'अनइन्स्टॉल'खालचं 'रिस्टोअर इमेजेस' निवडा, पण रीस्टार्ट करू नका. अपडेट घ्या. ते पूर्ण झालं की 'रीस्टार्ट' दाबायचा मोह आवरा. पुन्हा मॅजिस्कमध्ये जाऊन 'इन्स्टॉल टू इनॲक्टिव्ह स्लॉट' करा आणि तिथूनच टॅबलेट पुन्हा सुरू करा. आम्ही चुकलो ते नेमकं इथं.

चुकलंच, किंवा टॅबलेटमध्ये एकच प्रत असेल, तर? कंपनीचं फर्मवेअर उतरवायचं, तेही आपल्याच बिल्ड क्रमांकाचं. जवळपासचं चालत नाही. त्यातली बूट इमेज (अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या बऱ्याच उपकरणांत 'इनिट बूट') टॅबलेटवर मॅजिस्कने पॅच करायची आणि संगणकावरून फास्टबूटने चढवायची. सॅमसंगची रीत निराळी, तिथं ओडिन लागतं. बूटलोडर आधीपासून उघडा असला तरच डेटा वाचतो, कारण तो उघडताना सगळं पुसलं जातं. आणि रूट असताना तो पुन्हा बंद करू नका. डेटा जाईल, टॅबलेटही सुरू व्हायचा नाही.

उघड्या बूटलोडरने सुरक्षितता कमी होते हे खरंच. बँकेचं ॲप आम्ही त्या टॅबलेटवर ठेवत नाही. पुष्कळदा ते चालतही नाही.

आमचा बूटलोडर सुदैवाने उघडा होता. रात्री अकराच्या सुमारास विद्यार्थ्याने फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि टिपणं निघाली. आता दर अपडेटच्या आधी आम्ही प्रत काढतो, आणि बिल्ड क्रमांकाची चिठ्ठी टॅबलेटच्या कव्हरात असते.